केटी लागली, मग शिष्यवृत्तीचं काय?

इंजिनिअरिंग कॉलेजात ‘केटी’ हा शब्द ज्याने ऐकला नाही असा प्राणी शोधून सापडायचा नाही! मूळ शब्द ‘एटीकेटी’. म्हणजे ‘अलाउड टू कीप टर्म्स’. किती समजूतदार शब्द आहे बघा. एखादा विषय राहिला तरी तू पुढच्या वर्गात बस, पुढचं शिकत राहा आणि मागचं सवडीने सोडव. एका पेपरमुळे मुलाला घरी बसवू नये, असं ज्यांना वाटलं त्यांनीच हा नियम केला असणार. पण हीच केटी शिष्यवृत्तीच्या फॉर्मपाशी पोचली की तिचा चेहरा बदलतो. विद्यापीठ म्हणतं, ‘चल पुढे.’ आणि फी भरायला मदत करणारा म्हणतो, ‘आता तुझं तू बघ.’ मग ज्याच्या घरी फीचे पैसे नाहीत त्याने पुढे चालायचं तरी कसं?

हा विषय काही थोड्या मुलांचा नाही. आपल्या वर्गात डावीकडे-उजवीकडे बघा. कोणी टीएफडब्ल्यूएसच्या सीटवर आहे, कोणाची निम्मी फी ईबीसीतून येते, कोणाला भारत सरकारची शिष्यवृत्ती आहे, कोणाला एखाद्या ज्ञातीच्या किंवा कंपनीच्या ट्रस्टचा चेक मिळतो. मी स्वतः ओबीसी प्रवर्गातली. २०२३ मध्ये प्रवेश घेतला तेव्हा निम्मी ट्यूशन फी माफ होती. जुलै २०२४ मध्ये राज्य शासनाने निर्णय काढला आणि २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. आमच्या घरी त्या दिवशी बाबांनी श्रीखंड आणलं होतं! म्हणून मी हे शिष्यवृत्तीला नावं ठेवायला लिहीत नाहीये. तिच्यामुळेच मी टीईला आहे.

आधी एक घोळ दूर करू. दहावीपर्यंत मी मुलुंडला कॉन्व्हेंटमध्ये होते. तिथे प्राइझ डिस्ट्रिब्युशनला पहिल्या तीन नंबरांना स्टेजवर बोलावून जे पाकीट द्यायचे त्याला स्कॉलरशिप म्हणायचे. त्यामुळे स्कॉलरशिप म्हणजे हुशारीचं बक्षीस, हे डोक्यात पक्कं बसलं. कॉलेजात आल्यावर कळलं की एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी चालतात. एक असते गुणवत्तेसाठी. दुसरी असते गरजेसाठी, म्हणजे घरची परिस्थिती नाही म्हणून कोणाचं शिक्षण अडू नये यासाठी. गुणवत्तेच्या शिष्यवृत्तीला मार्कांची अट असणारच. त्यात वावगं काही नाही. पण गरजेच्या मदतीलाही तीच फूटपट्टी लावली की गडबड सुरू होते. कारण मार्क कमी झाले म्हणून कोणाच्या बाबांचा पगार वाढत नाही!

आता नियम काय म्हणतात ते बघू, कारण निम्म्या मुलांना ते माहीतच नसतात. प्रत्येक योजनेचा हिशोब निराळा आहे.

राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, म्हणजे आपण जिला ‘ईबीसी’ म्हणतो ती, त्यातल्या त्यात समजूतदार आहे. प्रवेश कॅप राउंडमधून हवा आणि कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत. आधीच्या सेमिस्टरला किमान ५० टक्के हजेरी हवी, प्रत्येक सेमिस्टरची परीक्षा द्यायला हवी आणि शिक्षणात दोन किंवा जास्त वर्षांचा खंड पडता कामा नये. परीक्षा ‘द्यायला’ हवी, हा शब्द नीट वाचा.

केंद्र सरकारची बारावीच्या मार्कांवर मिळणारी सेंट्रल सेक्टर शिष्यवृत्ती आहे. तिच्या रिन्यूअलला दरवर्षी किमान ५० टक्के मार्क आणि ७५ टक्के हजेरी लागते. एआयसीटीईची मुलींसाठी ‘प्रगती’ आहे, वर्षाला ५०,००० रुपये. तिथे पुढच्या वर्गात बढती मिळाली तरच पुढचा हप्ता, नाहीतर शिष्यवृत्ती बंद. अनुसूचित जातींसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या २०१० च्या नियमांत एक फार माणुसकीची गोष्ट होती. इंजिनिअरिंगसारख्या कोर्समध्ये विद्यार्थी पहिल्यांदा नापास झाला तर शिष्यवृत्ती चालू ठेवता येई. दुसऱ्यांदा झाला तर पुढच्या वर्गात जाईपर्यंत खर्च त्याने स्वतः करायचा, आणि वर गेला की ती पुन्हा सुरू. म्हणजे पडलास तर एकदा सांभाळून घेऊ, आणि उठलास तर दार उघडंच आहे.

आणि चौथा प्रकार खासगी ट्रस्टचा. त्यांच्यातले बरेचजण मनापासून मदत करतात, त्यांचे उपकारच आहेत. पण काही फॉर्मांवर शेवटच्या ओळीत असतं, ‘कोणत्याही विषयात केटी नसावी.’ बास. का लागली, किती मार्कांनी लागली, घरी काय झालं होतं, हे विचारायला रकानाच नाही.

माझा सगळा आक्षेप या नसलेल्या रकान्यावर आहे.

आमच्या बॅचमधल्या एका मुलीचं सांगते. नाव सांगत नाही, तिला आवडणार नाही. घाटकोपरच्या पुढे असल्फाला डोंगरावर राहते. एसईच्या पहिल्या सेमला तिच्या वडिलांचा अपघात झाला आणि परीक्षेच्या आठवड्यात ती राजावाडी हॉस्पिटलच्या चकरा मारत होती. एम-थ्री राहिला. बाकी सगळे विषय सुटले, पॉइंटरही वाईट नव्हता. पण तिला ज्या ट्रस्टचे वर्षाला तीस हजार मिळायचे त्यांच्या फॉर्मवर तीच शेवटची ओळ होती. पैसे बंद. मग तिने संध्याकाळच्या ट्यूशन्स धरल्या, पाचवी ते आठवीच्या, दोन बॅच. त्यासाठी दुपारची प्रॅक्टिकल्स बुडायला लागली. प्रॅक्टिकल्स बुडाली तशी डिफॉल्टर लिस्टवर नाव आलं. आता हजेरी आणखी खाली गेली तर सरकारी फी-माफीही धोक्यात. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच!

यात त्या मुलीचा आळस कुठे दिसतो का? मला तरी नाही दिसत. मला एक साखळी दिसते. विषय राहिला म्हणून पैसे गेले, पैसे गेले म्हणून काम धरलं, काम धरलं म्हणून हजेरी गेली, आणि हजेरी गेली म्हणून उरलेले पैसेही जाणार. अभ्यास व्हावा म्हणून घातलेली अट अभ्यासाचा वेळच खाऊन टाकते. म्हणजे नियमाचा हेतू एक आणि परिणाम बरोब्बर उलटा.

यावर आपलेच काही मित्र म्हणतात, ‘अगं, पण फुकटचे पैसे हवेत तर निदान पास तरी व्हा ना! टॅक्स भरणाऱ्याचा पैसा आहे.’ मुद्दा एकदम बरोबर आहे. अट नसेल तर काही मुलं वर्षभर कट्ट्यावर बसतील आणि फॉर्म मात्र वेळेवर भरतील, अशी मंडळी आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. म्हणून अट काढून टाका असं मी म्हणतच नाही. माझं म्हणणं दोन गोष्टींपुरतं आहे.

पहिली ही, की केटीची शिक्षा आधीच पुरेशी आहे. पुन्हा परीक्षेची फी भरा. पुढच्या सेमच्या पेपरांबरोबर मागचा पेपर द्या. एफईचे सगळे विषय सुटल्याशिवाय टीईला प्रवेश नाही, एसईचे सुटल्याशिवाय बीईला नाही, म्हणून ड्रॉपची टांगती तलवार आहेच. प्लेसमेंटला कंपनी आली की नोटीस बोर्डावर पहिली ओळ असते, ‘नो लाइव्ह केटी’. एवढं सगळं असताना कोणी मुद्दाम केटी लावून घेईल का? श्रीमंत घरातला मुलगाही हे सगळं भोगतो. पण त्याची फी त्याच दिवशी बंद होत नाही. म्हणजे एकाच पेपरात नापास झालेल्या दोघांना दोन वेगळ्या शिक्षा, आणि जास्त शिक्षा गरिबाला. टॅक्स भरणाऱ्याच्या पैशाचंच म्हणाल तर त्याने दोन वर्षं पैसे घातलेला विद्यार्थी तिसऱ्या वर्षी फीअभावी सोडून गेला, तर आधीचे पैसेही पाण्यातच गेले ना?

दुसरी गोष्ट निकालाची. आपली अख्खी प्रगती ज्या गुणपत्रिकेवर मोजायची ती तरी वेळेवर आणि बिनचूक असते का? २०१७ चा उन्हाळा सीनियर मंडळी अजून विसरलेली नाहीत. मुंबई विद्यापीठाने एकदम सगळ्या परीक्षांच्या उत्तरपत्रिका स्कॅन करून कॉम्प्युटरवर तपासायला घेतल्या. ४७७ परीक्षांचे निकाल रखडले. कुलपतींनी ३१ जुलैची मुदत घालून दिली, ती टळली, निकाल सप्टेंबरपर्यंत लांबत गेले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून जावं लागलं. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ म्हणतो की निकाल ३० दिवसांत लावायचा प्रयत्न करावा आणि काही झालं तरी ४५ दिवसांत लागलाच पाहिजे. कायद्यात विद्यापीठालासुद्धा पंधरा दिवसांची सवलत आहे बरं का! आणि ज्या वर्षी तीही पुरत नाही त्या वर्षी ‘मागील परीक्षेची गुणपत्रिका जोडा’ या ओळीपुढे मुलाने काय जोडायचं? रिव्हॅल टाकलं, दोन महिन्यांनी नापासचा पास झाला, तर मधल्या काळात बंद झालेली शिष्यवृत्ती परत कोण सुरू करून देणार?

जगात दुसरीकडे हे कसं करतात म्हणून मी थोडं वाचलं. अमेरिकेत सरकारी मदत घेणाऱ्या प्रत्येक कॉलेज विद्यार्थ्याला ‘सॅटिसफॅक्टरी अ‍ॅकेडमिक प्रोग्रेस’ दाखवावी लागते, म्हणजे समाधानकारक प्रगती. अटी आपल्यापेक्षा सोप्या आहेत असं समजू नका. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी साधारण ‘सी’ ग्रेड, म्हणजे चारपैकी दोनचा पॉइंटर हवा. घेतलेल्या क्रेडिट्सपैकी साधारण दोन-तृतीयांश पूर्ण व्हायला हव्यात. आणि कोर्सच्या ठरलेल्या लांबीच्या दीडपटीत सगळं संपवायला हवं. चार वर्षांचा कोर्स १२० क्रेडिट्सचा असेल तर जास्तीत जास्त १८० क्रेडिट्सचे प्रयत्न.

पण खरी गंमत पुढे आहे. पहिल्यांदा घसरलात तर कॉलेज एका सेमिस्टरची ताकीद देऊ शकतं, आणि त्या सेमिस्टरला पैसे चालूच राहतात. तरीही सुधारणा नाही झाली तर मदत थांबते, पण कॉलेजने अपिलाची सोय ठेवली असेल तर अर्ज करता येतो. घरात मृत्यू, आजारपण, अपघात अशी कारणं त्यात धरली जातात. विद्यार्थ्याने दोन गोष्टी लिहायच्या: काय घडलं, आणि आता परिस्थितीत काय बदल झाला आहे. अपील मान्य झालं तर पुढचं सेमिस्टर देखरेखीखाली, किंवा कॉलेजबरोबर बसून आखलेल्या अभ्यासाच्या वेळापत्रकाप्रमाणे. तिथे सगळं आलबेल आहे असं नाही. कागदपत्रं जमवता जमवता तिथलीही पोरं थकतात. पण निदान रकाना आहे! नियम ऐकून घेतो.

आणि हे काही परदेशातून उसनं आणायला नको, आपल्याकडेच याचं मोठं उदाहरण आहे. १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं. पुढे ते लंडनला लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले, आणि १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परत यावं लागलं. त्यांचा प्रश्न मार्कांचा मुळीच नव्हता, पैशांचा होता. पण लंडन विद्यापीठाने त्यांना चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करायची परवानगी दिली होती. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, एका पारशी मित्राने कर्ज दिलं आणि १९२० मध्ये ते परत लंडनला गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२३ मध्ये डी.एस्सी. पैसे थांबले तरी दार बंद झालं नव्हतं, म्हणून हे जमलं. ज्या शाहू महाराजांनी तेव्हा हात दिला त्यांच्याच नावाने आज आपली ईबीसी आहे. मग त्या नावाला शोभेल असा परतीचा रस्ता प्रत्येक शिष्यवृत्तीत का नसावा?

आपल्या इलेक्ट्रिकलच्या लॅबमधलं उदाहरण देते. जुना फ्यूज एकदा जळला की संपला, तार बदलल्याशिवाय दिवा लागत नाही. एमसीबी मात्र ट्रिप होतो. दोष शोधा, दुरुस्त करा, खटका वर करा, करंट चालू. दोन्ही संरक्षणच करतात, कोणीही सर्किट मोकळं सोडत नाही. आपल्या काही शिष्यवृत्त्या अजून फ्यूजवर चालल्या आहेत. त्यांना एमसीबी बसवा, एवढंच माझं म्हणणं.

शासनाचे किंवा ट्रस्टचे नियम कॉलेज बदलू शकत नाही, हे मला कळतं. पण कॉलेजच्या हातात बरंच काही आहे. एफईच्या प्रवेशाच्या दिवशीच प्रत्येक शिष्यवृत्ती घेणाऱ्याला एक साधा कागद मिळावा, मराठीत आणि इंग्रजीत: तुझ्या योजनेला हजेरी किती लागते, मार्क किती, केटी चालते की नाही, रिन्यूअल केव्हा. आज ही माहिती स्कॉलरशिप सेक्शनच्या खिडकीवर रांग लावल्यावर मिळते, तीही बहुतेक वेळा तारीख उलटून गेल्यावर. दुसरं, डिफॉल्टर लिस्ट लावताना शिष्यवृत्तीवाल्या मुलांना महिनाभर आधी वेगळी सूचना द्यावी. सेमिस्टर संपल्यावर दिलेली ताकीद काय कामाची? तिसरं, प्राध्यापक, ऑफिसमधलं कोणीतरी आणि विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी अशी तिघांची छोटी समिती असावी. ज्याची मदत थांबणार आहे त्याचं तिने पंधरा दिवसांत ऐकून घ्यावं आणि कारण खरं असेल तर ट्रस्टला कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र द्यावं. मुलाने एकट्याने लिहिलेली विनंती आणि प्रिन्सिपल सरांच्या सहीचं पत्र यात फरक पडतोच.

आणि चौथं, ज्याला काम करावंच लागतंय त्याला कॉलेजमध्येच काम द्या. कर्मवीर भाऊराव पाटलांची ‘कमवा आणि शिका’ ही कल्पना आपण शाळेच्या पुस्तकापुरती ठेवली आहे. लायब्ररीत, लॅबमध्ये, एफईच्या मुलांना गणित शिकवण्यात रोजचे दोन तास काम मिळालं तर असल्फाच्या माझ्या मैत्रिणीला प्रॅक्टिकल बुडवून ट्यूशनला पळावं लागणार नाही. उलट तिने शिकवलं तर एफईच्या चार जणांच्या एम-वनच्या केट्या तरी वाचतील!

आपण विद्यार्थ्यांनीही थोडं शहाणं व्हायला हवं. फॉर्मची शेवटची ओळ पहिल्यांदा वाचा. पेपर चुकला तर हॉस्पिटलचे कागद फेकू नका, फाइलला लावून ठेवा. रिव्हॅल टाकलं असेल तर त्याची पावती घेऊन स्कॉलरशिप सेक्शनला आणि ट्रस्टला लगेच कळवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लाजू नका. केटी लागली हे आपण कँटीनमध्ये टाळी देऊन सांगतो, पण शिष्यवृत्ती थांबली हे कोणाला सांगत नाही. बाजूच्या बाकावरचा मुलगा एका सेमिस्टरनंतर दिसेनासा होतो आणि आपल्याला वाटतं त्याने कॉलेज बदललं असेल.

या वर्षीच्या स्टुडंट्स कौन्सिलला माझी जाहीर विनंती आहे. फेस्टच्या मीटिंगा होतीलच, स्पॉन्सरही मिळतील. त्याआधी एक मीटिंग या विषयावर घ्या आणि प्रिन्सिपल सरांकडे निदान तो एका कागदाचा प्रस्ताव तरी न्या. लिहायला माणूस हवा असेल तर मी टीई-बीला मागून दुसऱ्या बाकावर बसते.